व्लोरा (अल्बानिया): एक रात्र काढून पुढे पळू नका, खाडीसाठी थांबा

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. अल्बानियाला जायच्या आधी इथले जुने धागे शोधून वाचले होते, सगळ्यांत तिराना, बेरात, जिरोकास्तर आणि क्सामिलचं निळं पाणी. व्लोरा म्हणजे मधे बस बदलायची जागा, फारतर एक रात्र. आम्हीही तसंच ठरवलं होतं, एक रात्र, आणि शेवटी चार राहिलो, क्सामिल रद्द केलं. का ते सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कोणी जाणार असेल तर त्यांना हे आधी कळेल.

आधी थोडी माहिती. मी मूळ उरणची, सध्या म्युनिकला. आई तीन महिन्यांसाठी आली होती, तिला गर्दीची युरोपियन शहरं दाखवून झाली होती आणि ती कंटाळली होती. तिचं म्हणणं, मला चर्चं बास, जरा समुद्र दाखव. म्हणून ऑक्टोबरमध्ये तिरानाला उतरलो आणि बसने व्लोरा. साधारण दीडशे किलोमीटर, अडीच तास लागले.

पहिला दिवस वाया गेला हे खरं. समुद्राकाठच्या लांबलचक फरसबंदी रस्त्यावर (लुंगोमारे म्हणतात) खोली घेतली होती, रात्री एकपर्यंत खालच्या कॅफेतलं गाणं आणि सगळीकडे नवीन इमारतींची कामं. आई म्हणाली हे तर नवी मुंबई. दुसऱ्या दिवशी गाशा गुंडाळून जुन्या गावात खोली घेतली आणि तिथून सगळं बदललं. म्हणून पहिली सूचना, राहायचं जुन्या गावात, ध्वज चौकापासून चालत अंतरावर. संध्याकाळी फिरायला खाली समुद्रावर जा, तेव्हा सगळं गाव आवरून-सावरून येरझाऱ्या घालत असतं, आजोबा-आजी, पोरं, बाबागाडी ढकलणारे बाप, याला ते जिरो म्हणतात, आणि ते बघण्यासारखं आहे.

ध्वज चौक म्हणजे इथलं काळीज. २८ नोव्हेंबर १९१२ ला इस्माईल केमालींनी इथे अल्बानियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि व्लोरा ही देशाची पहिली राजधानी झाली. त्यांची समाधी चौकातच आहे, शेजारी १९७२ चं अवाढव्य स्मारक. बंदराजवळ स्वातंत्र्याचं संग्रहालय आहे, पहिलं सरकार ज्या इमारतीत बसायचं तीच, आधी तिथे जहाजावरून आलेल्या लोकांना क्वारंटाईनमध्ये ठेवायचे. साधी दुमजली इमारत, आत मंत्रिमंडळाचं मोठं टेबल. आईने विचारलं एवढ्याशा खोलीत राज्य चालवलं? तिथल्या बाईंना भाषा कळली नाही पण सूर कळला, त्या हसून मान हलवत राहिल्या. इथे हो म्हणताना मान आडवी हलवतात आणि नाही म्हणताना वर-खाली, म्हणजे पहिले दोन दिवस आमचं सगळं उलटं चाललं होतं.

चौकाजवळच मुरादिये मशीद. १५३७ मध्ये ऑटोमन सुलतान सुलेमान कोर्फू बेटाच्या मोहिमेसाठी इथे तळ ठोकून होता त्या काळातली, बांधणी मिमार सिनान या ऑटोमन वास्तुविशारदाची मानतात. पांढरा दगड आणि लाल विटांचे पट्टे, लहानशी आणि नाजूक. मागच्या गल्ल्या रंगवून घेतल्यात, त्यात एक ज्यूंची गल्ली. १४९२ ला स्पेनमधून हाकललेले ज्यू पुढे इथे येऊन व्यापार करायला लागले. आणि दुसऱ्या महायुद्धात अल्बानियन लोकांनी ज्यूंना घरात लपवलं, युद्ध संपलं तेव्हा या देशात युद्धाआधीपेक्षा जास्त ज्यू होते. ही गोष्ट मला माहीतच नव्हती, गल्लीत उभं राहून वाचताना अंगावर काटा आला.

आता मुख्य गोष्ट, नार्ता. गावाच्या उत्तरेला नार्ताची खाडी आहे, म्हणजे काटेकोर सांगायचं तर लगून, समुद्रापासून वाळूच्या पट्ट्याने तुटलेलं उथळ खारं पाणी, मधे कालवे खणून समुद्राशी जोडलेलं. टॅक्सीने निघालो, सोदाचं पाइनचं जंगल लागलं आणि मग उजव्या हाताला एकदम पाणी उघडलं. पलीकडच्या टोकाला झ्व्हर्नेत्स, तिथे खाडीतल्या छोट्या बेटावर सेंट मेरीचा मठ आहे, तेराव्या-चौदाव्या शतकातला, आणि बेटावर जायला लाकडी पूल, पाण्यावरून नागमोडी गेलेला, अडीचशे मीटरपेक्षा जास्त लांब. फळ्या काही ठिकाणी हलतात, आईने माझा हात धरला आणि पूल संपेपर्यंत सोडला नाही.

पुलाच्या मधोमध आम्ही थांबलो. पाणी जेमतेम गुडघाभर, तळाची शेवाळं दिसत होती, आणि वास. तो वास मी वीस वर्षांत घेतला नव्हता, चिखल, मीठ, कुजलेलं गवत, ऊन लागलेलं खाजण. आई काहीच बोलली नाही, नुसती नाक वर करून उभी राहिली. मग लांबवर पाण्यात गुलाबी रेघ दिसली. मला वाटलं काहीतरी झेंडे वगैरे असतील, दुर्बीण लावली तर रोहित (फ्लेमिंगो)! दोनशे तरी असतील, माना खाली घालून सगळे एका दिशेने सरकत होते.

बेटावर सरूची उंच झाडं, दगडी चर्च, कोणी नाही, वाऱ्याचा आवाज. १९१२ मध्ये जो झेंडा फडकवला तो शिवणाऱ्या मारिगो पोसिओ यांची कबर इथे आहे. कम्युनिस्ट काळात याच मठात माणसं डांबून ठेवायचे. इतक्या शांत जागेत ते ऐकून आई बराच वेळ कबरीपाशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बाजूला गेलो, नार्ता गाव आणि मिठागरं. हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं होतं. माझे आजोबा उरणला मिठागरावर कामाला, आई लहानपणी त्यांना दुपारची भाकरी न्यायची. आम्ही बांधावरून चालत गेलो तर पाण्याचे चौकोनी कप्पे, एकातून दुसऱ्यात पाणी सोडायच्या फळ्या, कडेला मिठाची पांढरी रास, तिच्या पायथ्याशी उलटी ठेवलेली लोखंडी हातगाडी. आई म्हणाली, "अगो, यो त आपलाच आगर!" आणि वाकून चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. तिथे काम करणारे एक गृहस्थ लांबून बघत होते, मला वाटलं ओरडतील. ते आले, आईच्या हाताकडे बघितलं, आणि फावडं उचलून राशीच्या वरचा थर बाजूला केला, आतलं स्वच्छ मीठ ओंजळीत घेऊन तिच्यापुढे धरलं. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही. आईने पदराला बांधून घेतलं. आमचा आगर आता कंटेनर यार्डाखाली आहे, आजोबांना जाऊनही बारा वर्षं झाली.

खाण्याबद्दल वेगळं लिहिते, हे फार लांबलं.

मेतकूट

किती सुंदर लिहिलंय. पदराला मीठ वाचून डोळ्यांत पाणी आलं. खाण्याचं लवकर लिहा, आणि प्लीज शाकाहारी लोकांसाठी पण, मे महिन्यात आम्ही चौघं जायचं म्हणतोय त्यातले दोघं अंडंसुद्धा खात नाहीत.

निवांत७

छान लिहिलंय पण प्रामाणिकपणे सांगतो, आम्ही मागच्या ऑगस्टमध्ये व्लोराला एक रात्र राहिलो आणि अजिबात आवडलं नव्हतं. ट्रॅफिक, क्रेन, बीचवर खुर्च्यांच्या रांगा, पाणी पुढे दक्षिणेला आहे तसं नाही. खाडीचं कोणी सांगितलंच नाही. मग ल्योगाराचा घाट चढून गेलो, ते मात्र अप्रतिम, हजार मीटरवरून खाली एकदम आयोनियन समुद्र. आता २०२४ पासून बोगदा झालाय, सगळे त्यातूनच जातात, पण जमलं तर जुन्या घाटरस्त्याने जा.

खाडीकाठ

@निवांत७, ऑगस्टमध्ये मलाही आवडलं नसतं बहुतेक. पोहायलाच जायचं असेल तर पुढे हिमारा, धर्मीकडे जाणं बरोबर. व्लोराचा समुद्र बघायचा तर कुझुम बाबाच्या टेकडीवरून बघावा, बेक्ताशी या सूफी पंथाच्या लोकांचा तेक्के (मठ) आहे वर, पायऱ्या चढून पंधरा मिनिटं. समोर साझान बेट, डावीकडे काराबुरुनचा डोंगर, आणि तिथेच कुठेतरी एड्रियाटिक संपून आयोनियन सुरू होतो. उजवीकडे लांब खाडी चमकते. घाट आम्हीही केला, वर भाजलेलं कोकरू खाल्लं.

@मेतकूट, घ्या, खाणं.

सकाळ ब्यूरेकने सुरू करायची. प्रत्येक गल्लीत ब्यूरेकचं दुकान असतं, पहाटे सहाला उघडतं. मोठ्या गोल परातीत कागदासारख्या पातळ पोळ्यांचे थर, मधे पालक किंवा ग्यिझ (आपण दूध नासवून जे काढतो ना, तसं खारट पनीर, जरा भुरभुरीत) किंवा कांदा-टोमॅटो, हिवाळ्याकडे भोपळ्याचंही. दुकानातल्या मावशी गोल सुरीने त्रिकोण कापतात, कापताना कर्र्र आवाज येतो, कागदात गुंडाळून देतात, बोटं भाजतात. शंभर लेकच्या (इथलं चलन) आसपास, म्हणजे एक युरो. आणि त्याबरोबर काय पितात, ताक! धाल म्हणतात. खारट, दाट, थंडगार. आई पहिल्या घोटाला म्हणाली जिरं घातलं असतं तर... आणि दुसऱ्या दिवसापासून तिला सकाळी चहाच नको झाला.

शाकाहारी लोकांसाठी: फर्गेस मागा, भाजलेली मिरची, टोमॅटो आणि ग्यिझ मातीच्या भांड्यात रटरटत आणतात, पावाबरोबर खायचं, फक्त कधी कधी त्यात मांस घालतात म्हणून "पा मिश" (मांसाशिवाय) म्हणायला शिका. पांढऱ्या घेवड्याचा रस्सा असतो, फासुले, थंडीत तर जेवणच तेवढं. भरलेल्या ढोबळ्या मिरच्या मिळतात पण आतला भात कधी मांसाच्या पाण्यात शिजवलेला असतो, विचारून घ्या. काकडी-दही-लसणीचं तारातोर म्हणजे आपली कोशिंबीर. ऑलिव्ह तर काय सांगू, व्लोराची स्वतःची जात आहे, कालिन्योत, मंडईत बरण्यांत खारवलेले, किलोवर. अंडं न खाणाऱ्यांनी ताव कोसी आणि त्रिलेचे (दुधात भिजवलेला केक) टाळा. ताव कोसी ही एल्बासान गावाची डिश, कोकराचं मांस दही-अंड्याच्या जाड थरात भट्टीत लावतात, पण मिळते सगळीकडे.

मासे खाणाऱ्यांनी मात्र खाडीचे मासे मागा. चेफुल म्हणजे आपली बोय, आणि वाम (सापासारखा लांब मासा). दोन्ही नार्ताच्या पाण्यातली. कालव्याच्या तोंडाशी मासे अडवायची रचना असते, मासा खाडीत वाढतो आणि समुद्राकडे परतताना अडकतो, आपल्याकडे खाजणाच्या उघडीला जाळं लावतात तेच तत्त्व. नार्ता गावात जेवलो तिथे वाम नुसती मीठ लावून कोळशावर भाजलेली, वर लिंबू आणि ऑलिव्ह तेल. मसाला काही नाही. आईला वाटलं फिकी लागेल, पण वामीच्या अंगातच इतकी चरबी की कशाची गरज नव्हती. गावची वाइन पण प्रसिद्ध आहे, व्लोश नावाच्या लाल द्राक्षाची, मी घेतली, जरा तुरट, माशापेक्षा मांसाबरोबर जास्त जमेल असं माझं मत.

एक महत्त्वाचं, किमती. १९६५ मध्ये इथल्या चलनातलं एक शून्य कमी केलं पण बोलताना लोक अजून जुन्या लेकमध्ये सांगतात. मंडईत अंजीरवाल्या आजींनी पाच हजार सांगितले, मी हादरले, त्यांनी माझ्या हातातली पाचशेची नोट स्वतः उचलली आणि वर दोन अंजिरं जास्त घातली. कोणी फसवत नसतं, तुम्ही नुसतं विचारा जुने की नवे.

शिणाणे_गोंय

आमच्या तोंडाला पाणी सुटलं. शिणाणे (काळ्या शिंपल्यातले, मसल्स) मिळतात का तिथे? कुठेतरी वाचलेलं की अल्बानियात शेती करतात त्यांची.

खाडीकाठ

मिळतात हो, मिदिये म्हणतात. शेती बुत्रिंतच्या लगूनमध्ये, सारांदाच्या खाली, पाण्यात लाकडी चौकटींना दोर लटकवून. व्लोरात मिळाले ते तिकडूनच आलेले. लसूण, वाइन, अजमोदा. तुम्हाला रव्यात घोळवून तळलेल्यांची सवय, त्यामुळे चव वेगळी लागेल पण मासा ताजा. बुत्रिंतला जाणार असाल तर तिथे एका दगडात दोन पक्षी, प्राचीन शहराचे अवशेष १९९२ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि भोवतीची पाणथळ जागा रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी).

दूरदेशी

व्हिसाचं कसं केलंत? माझ्याकडे युकेची पीआर, आईबाबा भारतातून येणार.

खाडीकाठ

माझ्याकडे जर्मनीचं रेसिडेन्स परमिट, आईकडे मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा, जो आधी वापरलेला होता. दोघींना वेगळा व्हिसा लागला नाही. अल्बानिया शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे परत येताना शेंगेनमध्ये नव्याने प्रवेश होतो, सिंगल एंट्री असेल तर अडकाल, हे आईबाबांच्या बाबतीत नक्की बघा. नियम बदलतात, त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर निघायच्या आधी परत वाचा. इटलीतून यायचं असेल तर ब्रिंडिसीहून फेरी थेट व्लोराला लागते.

जुनापुराणा

फेरीवरून आठवलं. १९९१ च्या ऑगस्टमध्ये व्लोरा नावाच्याच मालवाहू जहाजावर दुरेसला सुमारे वीस हजार माणसं चढली आणि इटलीतल्या बारीला पोचली, डोलकाठ्यांवर, दोरांवर लटकलेली माणसं, तो फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. या गावाचा इतिहास असा एकामागून एक आहे. १९२० मध्ये इटालियन सैन्याला गावकऱ्यांनी हुसकावलं. खाली ओरिकुमजवळ पाशालिमानला सोव्हिएत पाणबुड्यांचा तळ होता, १९६१ मध्ये तेव्हाचे कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजांनी भांडण काढलं आणि रशियन निघून गेले, चार पाणबुड्या अल्बानियाकडेच राहिल्या. आणि १९९७ मध्ये पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्या पिरॅमिड योजना बुडाल्या तेव्हा लोकांचा उद्रेक व्लोरातूनच पेटला. घरं, गुरं विकून पैसे लावले होते लोकांनी. आम्ही २०१९ ला होतो तेव्हा घरमालक आजोबांनी त्यांची कहाणी सांगितली होती, इटलीत सात वर्षं टोमॅटो तोडून साठवलेले सगळे गेले.

खाडीकाठ, तुम्ही विमानतळाबद्दल काही लिहिलं नाहीत. दिसला असेलच.

खाडीकाठ

दिसला. मुद्दाम लिहिलं नव्हतं कारण लिहायला बसले की थांबता येत नाही. पण आता विषय काढलाच आहे तर सांगते.

नार्ता आणि विओसा नदीच्या मुखाचा हा सगळा पट्टा २००४ पासून संरक्षित आहे. विओसा म्हणजे ग्रीसमधल्या पिंडस डोंगरात उगम पावून पावणेतीनशे किलोमीटर वाहत येणारी नदी, मुख्य प्रवाहावर अल्बानियात धरण नाही, आणि मार्च २०२३ मध्ये तिला राष्ट्रीय उद्यान केलं, युरोपातलं पहिलं वन्य नदीचं राष्ट्रीय उद्यान. केवढी अभिमानाची गोष्ट. आणि त्याच नदीच्या मुखाशी, त्याच संरक्षित पट्ट्यात, २०२१ च्या अखेरीला विमानतळाचं काम सुरू झालं. बर्न करार म्हणून युरोपातल्या वन्यजीवांसाठी करार आहे, त्याच्या समितीने काम थांबवा म्हणून सांगितलं, काम चालूच राहिलं. २०२४ मध्ये कायदा बदलून संरक्षित भागात पंचतारांकित हॉटेलांना वाट करून दिली. एड्रियाटिकच्या काठाने पक्ष्यांचा येण्या-जाण्याचा मोठा मार्ग आहे, आफ्रिकेतून समुद्र ओलांडून दमून येणारे पक्षी इथल्या उथळ पाण्यात उतरतात. त्यांच्या वाटेत धावपट्टी.

मी उरणची आहे. आमच्याकडे बंदर आलं, मग रस्ते, मग यार्ड, मग पलीकडे विमानतळ. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये रोहितांचं अभयारण्य केलं, २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, आणि त्याच पक्ष्यांना भरतीच्या वेळी टेकायला जी तळी लागतात ती एकेक करून कोरडी पडताना आम्ही बघितली. म्हणून नार्ताच्या बांधावर उभी राहून मला ते परक्या देशातलं वाटलंच नाही. आई म्हणाली, यांना सांग ना कोणीतरी, आमच्याकडे काय झालं ते.

जुनापुराणा

तुमची कळकळ पटते. पण तिथल्या माणसाची बाजूही बघायला हवी. २०११ ला अल्बानियाची लोकसंख्या अठ्ठावीस लाख होती, २०२३ च्या जनगणनेत चोवीस लाख. तरुण पोरं जर्मनीत, इटलीत निघून गेलीत. आमच्या त्या आजोबांची तिन्ही मुलं बाहेर. विमानतळ झाला तर निदान एक परत येईल असं त्यांना वाटायचं. त्यांना फ्लेमिंगो नकोत असं नाही, पण नातवंडं हवीत.

खाडीकाठ

खरंय तुमचं, आणि मी ते नाकारत नाही. माझ्या सख्ख्या काकांना बंदरात नोकरी लागली, त्यावर दोन बहिणींची लग्नं झाली, चुलतभाऊ इंजिनियर झाला. मी खुद्द जर्मनीत राहते, तेव्हा गाव सोडणाऱ्यांना मी काय बोलणार. पण काकांना विचारलं तर ते काय म्हणतात माहितेय, नोकरी लागली, पण ती खाडी बुजवूनच लागायला हवी होती का? तिरानाचा विमानतळ अडीच तासांवर आहे. धावपट्टी चार मैल आत नेली असती तर त्या आजोबांचा नातू आलाच असता की. त्याला आल्यावर वाम कुठली खायला मिळणार, हा प्रश्न मला पडतो. तिथल्या वामीला खाडी लागते, ती हॉटेलच्या तलावात होत नाही.

नार्ता गावात जिथे जेवलो तिथल्या काकू ग्रीक बोलत होत्या, त्या गावात घरी ग्रीक बोलतात. त्यांच्या मुलीने इंग्रजीत समजावून सांगितलं, सुट्टीत आली होती ती अथेन्सहून. तिलाही दोन्ही हवं होतं, काम पण आणि खाडी पण.

मेतकूट

इतकी शांतपणे दोन्ही बाजू मांडणारी चर्चा वाचून बरं वाटलं. आम्ही दोन रात्री व्लोराला वाढवल्या.

पाणकोंबडी

मी पक्षी बघण्यासाठी जाणार आहे, मार्चच्या शेवटी, एकटीच. नेमकं कुठे उभं राहायचं, किती वाजता, आणि रोहितांशिवाय काय दिसेल? कारावास्ताच्या लगूनला पण जायचंय, कुरळ्या डोक्याच्या मोठ्या झोळीवाल्यांसाठी (पेलिकन).

खाडीकाठ

कारावास्ता नक्की करा, व्लोराहून उत्तरेला आहे, १९९५ पासून रामसर, आणि तिथले डाल्मेशियन झोळीवाले म्हणजे मान आहे त्या किनाऱ्याचा. मला जाता आलं नाही, त्यामुळे तुम्हीच येऊन लिहा.

नार्तात दोन जागा. झ्व्हर्नेत्सच्या पुलावर सूर्योदयाला, तेव्हा वारा पडलेला असतो आणि पाणी काचेसारखं. आठनंतर फोटोवाले यायला लागतात. दुसरी मिठागराचा बांध, तिथे मात्र आधी तिथल्या माणसांना हाताने खूण करून विचारा, त्यांची कामाची जागा आहे. कप्प्यांमध्ये पाण्याचा खारटपणा वेगवेगळा असतो, जास्त खाऱ्या कप्प्यात बारीक कोळंबीसारखे किडे होतात, रोहित त्यावरच. शेकाट्या आणि उचाट्या (लांब पायांचे पाणपक्षी) आम्हालाही दिसल्या, छोटे बगळे तर असंख्य. आपल्या ठाण्याला बहुतेक छोटे रोहित असतात, इथले मोठे, चोचीचं फक्त टोक काळं आणि अंग फिकं, त्यामुळे लांबून पांढरेच वाटतात, उडाले की पंखाखालचा लाल दिसतो. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघू नका, भूमध्य समुद्राला भरती नावापुरती, पाणी फूटभरही हलत नाही. मला हे कळायला दोन दिवस लागले, मी आपली ओहोटीची वाट बघत बसले होते.

डासांचं मलम न्या. टॅक्सीवाल्याला परतीची वेळ आधीच ठरवून द्या, तिथून दुसरं वाहन सहज मिळत नाही. आमच्या ड्रायव्हरने आम्ही भारतातल्या म्हटल्यावर "नेन तेरेझा! कलकत्ता!" म्हणत दोन्ही हात छातीवर ठेवले. मदर तेरेसा अल्बानियन वंशाच्या, तिरानाच्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे. आईने पण नमस्कार केला. त्या माणसाने परतीचं वेटिंग घेतलं नाही.

पाणकोंबडी

(बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतेय.)

जाऊन आले. कारावास्तावर वेगळा धागा काढते, झोळीवाल्यांना एका परिच्छेदात बसवणं शक्य नाही.

नार्ताला तीन सकाळी गेले. पहिल्या दिवशी धुकं, पुलावर उभी राहिले तर मठ दिसेना, फक्त बेडकांचा आवाज. दुसऱ्या दिवशी तीनशे बारा रोहित मोजले, दोनदा मोजून. उचाट्या नव्वदच्या वर. तिसऱ्या दिवशी मिठागरावर गेले, तुम्ही सांगितल्याप्रमाणे खूण करून विचारलं. तेच गृहस्थ असावेत, पिकलेल्या मिशा, डोक्यावर पांढरी टोपी? मी इंदी म्हटल्यावर त्यांनी जिभेला बोट लावून मीठ चाखल्याची खूण केली आणि मग पदर बांधल्याची. मी मान हलवली, आडवी.

बांधाच्या पलीकडे विमानतळाची बाजू दिसते, तिकडे त्यांनी बघितलं नाही, मीही बोट दाखवलं नाही. त्यांनी मला एक रिकामी गोणी उलटी टाकून बसायला दिली आणि कामाला लागले. दोन तास बसले होते. मधल्या कप्प्यात शेकाट्या लांब पाय उचलत फिरत होत्या.

तुमच्या आईंना सांगा, मीठ आणलंय. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खाडीकाठ

मिशा आणि टोपी, तेच ते. आईला आत्ता फोनवर वाचून दाखवलं, ती उरणला परत गेलीये. म्हणाली, तिला म्हणावं घरी ये, वाम मी करते.